खिंडीत न पडलेला पाऊस

१

भोंगा वाजला तेव्हा शिंपी एका कोटाची बाही उसवत बसला होता. भोंगा ऐकला की हातातलं टाकायचं आणि शाळेकडे चढणाऱ्या पायऱ्या धरायच्या, हे नदीकाठच्या वस्तीत लहानथोरांना पढवून ठेवलेलं होतं. मागे एकदा पूर न सांगता आला होता आणि जाताना माणसं घेऊन गेला होता, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. सगळी वस्ती एकदम पायऱ्यांवर आली. त्या रेटारेटीत शिंप्याचा पाय निसटला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं.

वर पोचलेली माणसं कठड्याला टेकून नदीकडे बघत राहिली. नदी होती तशीच होती, गोट्यांमधून खळखळणारी, घोटाभर. संध्याकाळपर्यंत ती बोटभरही चढली नाही. मग एकेक जण शिव्या घालत खाली उतरला. कुणीतरी म्हणालं, "पुढच्या वेळी वाजला तर मी कानात बोळे घालून झोपणार." सगळे हसले.

त्या हसण्याचीच थोरलीला धास्ती वाटली.

थोरली जलमापन कार्यालयात होती. ओढ्यानाल्यांचं पाणी मोजण्यात तिचे केस पांढरे झाले होते. तिला थोरली म्हणायचे, कारण तिथे एक धाकटीही होती. दोघी जावा. एका घरात दिलेल्या, एकाच इमारतीत खालीवर राहणाऱ्या, आणि नशिबाने एकाच कार्यालयात येऊन पडलेल्या.

डोंगरावर पाऊस किती पडतो, त्यातला मातीत किती मुरतो आणि उरलेला किती वेळात गावावर येऊन आदळतो, याचा अभ्यास करायचा असं वरून ठरलं, तेव्हा त्याचा आराखडा आपल्याकडेच येणार हे थोरलीने गृहीत धरलं होतं. तो गेला धाकटीकडे. थोरलीचं म्हणणं होतं, ओढे मोजा, ओढा खोटं बोलत नाही. धाकटीचं म्हणणं होतं, ओढा खरं बोलतो पण उशिरा बोलतो. पाऊस डोंगराच्या माथ्यावरच मोजा. मोठ्या साहेबांना दुसरं पटलं. धाकटीने सर्वांत उंच खिंडीत नमुन्यादाखल एक पर्जन्यमापक बसवला, तो बिनतारी जोडून कार्यालयातल्या पडद्यावर आणला, आणि गेल्याच आठवड्यात त्याला वस्तीचा भोंगाही जोडला.

त्या दुपारी पडद्यावर खिंडीत ढगफुटी झाली होती. प्रत्यक्षात खिंडीत एक थेंबही पडला नव्हता.

२

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी थोरलीला खोलीत बोलावलं. साहेब अंगाने स्थूल, स्वभावाने सावध. आधी दार लावून घेतलं, मग खिडकीही.

"ड्रायव्हर सकाळीच वर जाऊन आला," ते म्हणाले. "खिंडीत धूळ उडतेय. ओल आहे ती फक्त यंत्राच्या बुडाखाली, परातीएवढी. यंत्र बिघडलेलं नाही. कुणीतरी त्यात पाणी ओतलं."

"पोलिसांना कळवा मग."

"कळवलं की अभ्यास बारगळला. शुक्रवारी समिती बसतेय. ती म्हणणार, ज्यांना आपलं एक यंत्र राखता येत नाही त्यांना डोंगर कशाला द्यायचा? तेव्हा शुक्रवारच्या आत चोर हवा. आणि तो तुम्ही शोधायचा."

"मी का?"

साहेबांनी पेपरवेट दोनदा फिरवला. "स्पष्टच बोलतो. कार्यालयात सगळे तुमचंच नाव घेतायत. आराखडा गेल्यापासून तुम्ही धाकट्या बाईंशी कामापुरतंसुद्धा बोलत नाही. चहाच्या वेळी तुम्ही काय काय बोललात तेही माझ्या कानावर आलंय."

थोरलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चहाच्या वेळी ती म्हणाली होती, की शिकलेल्या सुनांना ढग दिसतात, पायाखालचं पाणी दिसत नाही. तेव्हा ते वाक्य तिला फार जमून आल्यासारखं वाटलं होतं.

"बोलले असेन. म्हणून मी पाणी ओतेन?"

"तसं मी म्हणत नाही. पण काल तुमची गाडी वरच्या वळणावर उभी होती म्हणे."

थोरलीने नजर पेपरवेटवर वळवली. कारण काल ती खरंच वर गेली होती.

३

ती गेली होती धाकटीच्या यंत्रात खोट काढायला. स्वतःशी तरी तिने हे लपवलं नाही.

सल तसा जुनाच होता. ती लग्न होऊन आली तेव्हा दीर, म्हणजे बंडू, अर्ध्या चड्डीत होता. त्याचा अभ्यास तिने घेतला, कांजण्या आल्या तेव्हा उशाशी ती बसली. घरात काही अडलं की "थोरलीला विचारा" असं म्हणायची रीतच पडली. मग बंडूने धाकटी आणली. हुशार, देखणी, वर गोड गळ्याची. सासूबाई आल्यागेल्याला सांगू लागल्या, "आमची धाकटी कॉम्प्युटरवर पाऊस पाडते." घरातलं कौतुक थोरलीने गिळलं. कार्यालयातलं गिळता आलं नाही.

म्हणून काल सकाळी ओढ्यावर जाते असं सांगून ती खिंडीकडे निघाली. रस्ता वरच संपतो, पुढे पाऊलवाट. कुणाला दिसू नये म्हणून तिने गाडी शेवटच्या वळणावर कातळाच्या आड लावली आणि पायी चढली. यंत्राच्या शेजारी एक झाड होतं आणि त्याची फांदी थेट यंत्राच्या तोंडावर आली होती. फांदीखाली का कुणी पाऊस मोजतं? थोरलीला इतकं बरं वाटलं, की उन्हात चढून आल्याचा शीणच उतरला. यंत्राला हात न लावता ती खाली उतरली आणि जेवणाच्या वेळेला टेबलाशी होती. समितीसमोर ही फांदी काढायची, असं तिने मनात ठरवूनही टाकलं होतं.

आता हे कुणाला सांगणार? हात दाखवून अवलक्षण.

ड्रायव्हरला घेऊन ती पुन्हा वर गेली. हा ड्रायव्हर तोंडाने फटकळ. धाकटीने त्याला ऐन उन्हात यंत्राचे खांब वाहायला लावले होते, तेव्हापासून तो तिच्यावर डूख धरून होता.

"मलाच विचारायचं असेल तर विचारा बाई," तो घाटात म्हणाला. "काल दिवसभर मी साहेबांना घेऊन जिल्ह्याला होतो. येताना टायर फुटला. टायर बदलताना साहेबांनी उन्हाची छत्री धरली होती, माझ्या नाही, स्वतःच्या डोक्यावर."

"आणि माझी गाडी वर होती हे तुला कुणी सांगितलं?"

"मला कुणी नाही सांगितलं. होती काय?"

थोरलीने जीभ चावली.

खिंडीत तिने यंत्राचं तोंड बघितलं. परातीपेक्षा लहान, ताटाएवढं. तिने मनातल्या मनात हिशेब केला आणि तिलाच हसू आलं. एवढ्याशा तोंडात काल पडद्यावर दिसला तेवढा पाऊस पाडायला टँकर लागत नाही. तीन बाटल्या पाणी पुरे. लोकांना ढगफुटी म्हटली की आभाळ फाटलेलं दिसतं. यंत्राला तेवढंच कळतं जेवढं त्याच्या तोंडात पडतं.

मग तिची नजर फांदीवर गेली. काल बघितली होती तीच. पण काल तिच्यावर एक गोष्ट नव्हती. बरोबर यंत्राच्या मध्यावर, सालीला सुतळीचा ताजा काच पडला होता.

म्हणजे पाणी ओतलं नव्हतं, टांगलं होतं. आणि टांगणारा ती उतरून गेल्यानंतर इथे आला होता. की आधीच येऊन कुठेतरी बसला होता?

४

"मला आनंद झाला," प्रोफेसर म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

कॉलेजातली त्यांची प्रयोगशाळा नळ्यांनी आणि धुळीने भरलेली होती. या डोंगराच्या पावसाचे नकाशे त्यांनी उमेदीत काढले होते. धाकटीने आराखड्यात त्यांना अर्धं पान दिलं आणि लिहिलं, हे नकाशे अंदाजाने काढलेले आहेत. ते अर्धं पान प्रोफेसरांना नखात काटा जावा तसं सलत होतं.

"तिचं यंत्र तोंडावर पडलं असं ऐकलं आणि मी दोन पेढे जास्त... नाही, मला गोड वर्ज्य आहे, पण तसं वाटलं. पुढे शिंप्याचं कळलं. मग लाज वाटली."

"काल दुपारी कुठे होतात?"

"परीक्षा होती. शंभर पोरांच्या समोर बसून पेंगत होतो. साक्षीदार हवे तेवढे." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही कुठे होता?"

थोरलीने पिशवीतून पडद्यावरच्या आलेखाची छापील प्रत काढली. "खरा पाऊस असा पडत नाही ना?"

प्रोफेसरांचा चेहरा एकदम बदलला. हेवेदावे विसरून ते कागदावर वाकले. "छे! पाऊस लहरी. वाढतो, थांबतो, सरीवर सर घेतो. हे बघा, तीन सरी. तिन्ही जुळ्या बहिणींसारख्या."

"एकच भांडं तीनदा भरलंय."

"अगदी. आणि यंत्र तपासायची आमची ठिबक बाटली असते..." ते थबकले. "ती तुमच्याकडेही आहे आणि माझ्याकडेही. माझ्यावर येताय की स्वतःवर?"

"लावून बघू."

त्यांनी कोपऱ्यातला जुना पर्जन्यमापक पुसला, तपासणीची बाटली त्यावर चढवली आणि दोघं शाळकरी पोरांसारखी टक लावून बसली. यंत्राच्या आतली, भरली की कलंडणारी इवलीशी वाटी टक्, टक्, टक् अशी वाजत राहिली. घड्याळासारखं एकसारखं. बाटली संपेपर्यंत वेग बदलला नाही.

"ही बाटली मुद्दाम तशी केलेली असते," प्रोफेसर म्हणाले. "पहिल्या थेंबापासून शेवटपर्यंत एकच चाल. तुमचा आलेख बघा. प्रत्येक सर भरभर सुरू होते आणि हळूहळू मंदावत थेंबावर येते."

"म्हणजे भांड्यातलं पाणी उतरत गेलं तसा जोर कमी झाला. वरून उघडं भांडं, खाली बारीक भोक."

"म्हणजे यंत्र कसं तपासतात हे ज्याला माहीत नाही, असा माणूस. तुम्ही सुटलात, मीही सुटलो." त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "पण तुमची गाडी वर होती म्हणतात, त्याचं काय?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"साहेबांनी फोनवर. खात्रीचं आहे म्हणाले."

तेव्हा थोरलीच्या डोक्यात लख्ख पडलं. तिने गाडी कातळाच्या आड लावली होती. गावातून दिसायची सोय नाही, रस्त्यावरूनही नाही. ती दिसली असेल तर फक्त त्यालाच, जो वळण ओलांडून पायवाटेला लागला. ज्याने गाडी पाहिली, तोच पाणी घेऊन चढला होता.

ती तशीच उठून साहेबांकडे गेली. "गाडीचं कुणी सांगितलं ते आज मला कळलंच पाहिजे."

साहेब खिडकी लावायला उठले. "वाईट वाटून घेऊ नका. घरचंच माणूस आहे म्हणून मी नाव घेत नव्हतो." ते हळूच म्हणाले, "तुमच्या जाऊबाई."

५

धाकटी तर त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडद्यासमोर होती. सगळ्या कार्यालयाने तिला पाहिलं होतं. थोरलीने स्वतः जेवून आल्यावर तिच्याकडे पाठ फिरवली होती.

मग तिला गाडी दिसली कशी?

घरी आल्यावर थोरली आपल्या मजल्यावर थांबलीच नाही, सरळ जिना चढून धाकटीच्या दारात गेली. धाकटी आलेली नव्हती. सासूबाई एकट्याच सज्जात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"बरं झालं आलीस. ही झाडं बघ गं. हिचा पाय घरात टिकेल तेव्हा पाणी मिळेल बिचाऱ्यांना."

थोरलीने झाडं बघितली आणि जागच्या जागी थिजली.

ओळीने कुंड्या होत्या. प्रत्येक कुंडीत काठी रोवलेली, आणि काठीला सुतळीने बांधलेली पाण्याची बाटली, उलटी. बूड कापलेलं. बुचाला बारीक भोक. एकीतून आत्ताही पाणी मातीत टपकत होतं. नुकती भरलेली असावी, कारण टपकणं भरभर होतं. तिच्या शेजारची संपत आली होती. तिच्यातून एखादाच थेंब, रेंगाळत, पडू की नको करत.

"ही कुणाची युक्ती?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"बंडूची, दुसऱ्या कुणाची? चित्रकलेचा मास्तर, हात स्वस्थ बसत नाहीत. बायको आठ-आठ दिवस डोंगरावर. हा शाळेतून येतो, झाडांशी बोलतो. परवा मला म्हणाला, आई, या झाडांची आणि माझी एकच गत."

शेवटच्या कुंडीत काठी होती, सुतळीचा तुटका फासही होता. बाटली नव्हती. झाडाची पानं लोंबली होती.

"हिची बाटली कुठाय?"

"कोण जाणे. काल-परवापासून दिसत नाही."

थोरली खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. चोर सापडल्यावर माणसाला जे वाटायला हवं ते तिला वाटलंच नाही. आधी वाटला तो आनंद, आणि फार ओंगळ आनंद होता तो. धाकटीचा नवरा! उद्या हे समितीसमोर गेलं की धाकटीचा आराखडा गेला, नाव गेलं, कौतुक गेलं. मग बंडूचा कांजण्यांनी भरलेला चेहरा आठवला, आणि तो आनंद तिच्याच घशात अडकला. आपलेच दात, आपलेच ओठ.

मागे चपलांचा आवाज झाला. दारात बंडू उभा होता, आणि त्याची नजर त्या रिकाम्या काठीवर होती.

६

"वहिनी, खाली चल. आईसमोर नको," तो म्हणाला.

थोरलीच्या स्वयंपाकघरात तो लहानपणी बसायचा त्याच जागी बसला.

"तू मला वर पाहिलंस," थोरली म्हणाली. "माझी गाडी बघितलीस आणि झुडपात दडलास. मी उतरल्यावर फांदीला बाटली टांगलीस. बरोबर कॅन नेला होतास, त्यातून ती पुन्हा पुन्हा भरलीस. आणि रात्री बायकोला सहज बोलून गेलास, की वहिनी वर गेली होती."

बंडूने नाकारलं नाही. "मला वाटलं होतं, आकडे वेडेवाकडे आले की यंत्र भिकार ठरेल. समिती म्हणेल, माथ्यावरचं काही जमत नाही, ओढ्यावरच मोजा. मग आराखडा तुझ्याकडे येईल. तूही खूश, आणि ती घरी."

"माझ्या नावाने खपवू नकोस."

तो ओशाळला. "नाही. खरं ते दुसरंच. वहिनी, बायकांना सवत असते, मला डोंगर आहे. ती घरात आली तरी डोंगरातच असते. जेवताना बोटाने ताटात ओढे काढते. मी काढलेलं चित्र तिने वर्षभरात धड बघितलं नाही, पण त्या खिंडीचा फोटो उशाशी लावलाय. मी त्या फोटोवर जळायला लागलो. हसू नकोस."

थोरली हसत नव्हती. पडद्यावर ढग सरकताना बघत बसलेल्या धाकटीवर आपण किती वेळा असेच जळलो, ते तिला आठवत होतं.

"भोंग्याचं माहीत होतं?"

"आईशपथ नाही! तिने घरी सांगितलंच नव्हतं की भोंगा जोडलाय. ती मला काही सांगतच नाही. तो वाजला तेव्हा मी पायवाटेवर होतो. मला वाटलं, आता खरंच पूर आला आणि मी इथे वर, ती खाली. धावत सुटलो. खाली आलो तर शिंप्याला उचलून नेत होते." त्याने तोंड ओंजळीत घातलं. "माझ्या लग्नाचा कोट त्यानेच शिवला होता गं."

थोरलीने त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. तिच्या मनात मात्र दुसरंच चालू होतं.

"तू बायकोला म्हणालास, वहिनी वर गेली होती. त्यावर ती काय म्हणाली?"

"म्हणाली, तुम्हाला कुठून दिसली?"

"आणि तू?"

"मी गप्प बसलो. तीही गप्प बसली. पुन्हा विषय काढला नाही."

म्हणजे धाकटीला तेव्हाच कळलं होतं. आणि तिने साहेबांना अर्धंच वाक्य नेऊन दिलं होतं.

७

धाकटी आली ती नकाशांची गुंडाळी काखेत घेऊन. नवऱ्याला थोरलीच्या स्वयंपाकघरात बघून ती उंबऱ्यातच थांबली.

"सांगितलंत ना शेवटी यांनाच," ती बंडूला म्हणाली. "मला नाही सांगितलंत."

"तू बाहेर जा रे," थोरली म्हणाली. बंडू गेला. दोघी जावा समोरासमोर उरल्या.

"आलेख बघितल्याबरोबर कळलं मला, ताई," धाकटी उभ्याउभ्याच म्हणाली. "रोज ते थेंब बघते मी सज्जात. रात्री हे गाडीचं बोलले आणि उरलंसुरलं कळलं."

"आणि तू माझ्या नावाने दवंडी पिटलीस. शिंपी तिकडे पाय बांधून पडलाय, आणि तू मला चोर ठरवायला निघालीस."

"मी खोटं नाही बोलले. गाडी वर होती."

"अर्धं खरं बोललीस. ते खोट्यापेक्षा वाईट."

धाकटीच्या हातातली गुंडाळी सुटून फरशीवर पसरली. डोंगराच्या सगळ्या घळी दोघींच्या पायांशी उलगडल्या. कुणीच त्या उचलल्या नाहीत.

"लग्न होऊन आले त्या दिवसापासून या घरात माझ्या आधी तुमचं नाव येतं," धाकटी म्हणाली. "भाजी केली तर 'वहिनी असं नाही करत'. ताप आला तर 'वहिनीला बोलाव'. भांडलो तर हे खाली तुमच्याकडे येऊन बसतात. कार्यालयात गेले तर तिथेही तुमचीच पाटी. ओढ्यावरची माणसं मला विचारतात, थोरल्या बाई नाही आल्या? मला एक जागा हवी होती, ताई, जिथे तुम्ही आधी पोचलेल्या नाही. म्हणून ती खिंड. सगळ्यांत उंच. आणि तुम्ही तिथेही जाऊन आलात!"

थोरली खाली बसली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की या जिन्यावरून जळफळाट फक्त वर जातो. तो वरूनही खाली येत होता, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मी तुझी खोट काढायला गेले होते," ती म्हणाली. "सापडलीही. फांदीखाली यंत्र बसवलंस."

धाकटीचा चेहरा उतरला. "फांदी? मी बसवलं तेव्हा ती वर बांधून घेतली होती. सुटली असेल." मग न राहवून तिने विचारलं, "किती खाली आलीय?"

"हातभर."

क्षणभर दोघी नुसत्या कामाच्या बायका झाल्या. मग पुन्हा जावा.

"तुम्ही साहेबांना काय सांगणार?" धाकटीने विचारलं.

"मी वर गेले होते ते, आणि का गेले होते तेही. हेव्यापायी. एवढं माझं मी सांगेन. बंडूचं बंडूने सांगावं. तुझं तू." थोरली उठली. "मी कुणाचं नाव घेणार नाही. पण तुम्ही दोघं आला नाहीत, तर सगळी वस्ती भोंग्याला हसत राहील. पुढचा पूर हसणार नाही."

सकाळी थोरली साहेबांच्या खोलीपाशी पोचली, तेव्हा बाकावर बंडू आणि धाकटी आधीच बसलेले होते. एकमेकांशी बोलत नव्हते. पण दोघांच्या मध्ये रिकामी जागाही ठेवलेली नव्हती.

८

साहेबांनी सगळं ऐकलं. खिडकी लावायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही.

बंडूला शाळेने रजेवर पाठवलं. साहेबांच्या सांगण्यावरून तो नदीकाठच्या पायऱ्यांवर उभा राहिला आणि भरल्या वस्तीसमोर म्हणाला, "भोंगा खोटा नव्हता. खोटा मी होतो. तो पुन्हा वाजला तर पळा." एका बाईने त्याला चप्पल दाखवली. शिंप्याने दवाखान्यातून निरोप धाडला, की पाय बरा होईपर्यंत याने रोज येऊन माझी राहिलेली काजं-बटणं करावीत, चित्रकलेच्या मास्तराची बोटं सरळ असतात. बंडू रोज जाऊ लागला. धाकटीशी त्याचं काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. जिन्यातून भांडण मात्र ऐकू आलं, आणि या खेपेस तो भांडून खाली आला नाही.

अर्धं वाक्य आणून देणाऱ्या धाकटीकडून काढून आराखड्याची सूत्रं साहेबांनी थोरलीकडे दिली. तिने ती घेतली. नको नको म्हणायचं नाटक तिला जमलंच नाही. तिला ती हवीच होती. फक्त एक अट घातली, माथ्यावरची यंत्रं राहणार आणि ती धाकटीच बघणार. ओढा उशिरा बोलतो हे बोलणं तिच्या मनातून जात नव्हतं, कारण ते खरं होतं.

शुक्रवारी समिती बसली. लांब टेबल, पाण्याचे पेले, सातआठ कंटाळलेली माणसं. थोरली बोलायला उभी राहिली. कुठल्या ओढ्यावर पातळीपट्टी, कुठल्या उतारावर माती तपासायची, कोण कधी वर जाणार, तिने सगळं मुद्देसूद सांगितलं. लोक माना डोलवत होते. आयुष्यभर वाट पाहिलेली जागा, आणि ती तिथे शोभतही होती.

मग अध्यक्षांनी विचारलं, "बाई, खिंडीत ढगफुटी झाली आणि मधल्या उतारावर थेंब नाही, असं झालं तर? वस्तीला किती वेळ मिळेल?"

थोरलीला उत्तर येत नव्हतं. अंदाज करता आला असता. समितीला कळलंही नसतं.

"याचं उत्तर त्या देतील," ती म्हणाली आणि मागे बसलेल्या धाकटीकडे हात केला.

धाकटी उठली. आधी आवाज कापला, मग लागला. ढग खिंडीला कसा अडतो, कुठली घळ आधी भरते, पाणी कुठे दम घेतं आणि कुठे उडी मारतं, हे ती असं सांगत गेली की पाणीच बोलतंय असं वाटावं. कंटाळलेली माणसं पुढे सरकून बसली. तिचं बोलणं संपलं तेव्हा खोलीत टाळ्या पडल्या. थोरलीच्या बोलण्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"आराखडा मंजूर," अध्यक्ष म्हणाले. मग थोरलीकडे बघून त्यांनी काळजीने विचारलं, "बाई, तुमचा चेहरा असा का झाला? बरं वाटत नाही का?"

"काही नाही," थोरली म्हणाली. "जरा पोटात दुखतंय."

धाकटीने एकदम मान वळवली. दोघींची नजरानजर झाली, आणि धाकटीला भर समितीत हसू आवरेना. ती थोरलीच्या कानाशी वाकून म्हणाली, "माझं तर लग्नापासून दुखतंय, ताई."